वय आड येतं की पाणी? धाराशिवसारख्या जिल्ह्यात तिशीनंतर स्पर्धेसाठी पोहायचं तर काय लागतं

ऑगस्ट २०१८. जकार्तात एशियाड सुरू होतं. पुरुषांच्या ५० मीटर फ्रीस्टाइलची फायनल संपली आणि भारताचं पदक ०.०१ सेकंदाने हुकलं. तिसऱ्या आलेल्या जपानी जलतरणपटूची वेळ होती २२.४६ सेकंद आणि चौथ्या आलेल्या भारतीयाची २२.४७.

तो भारतीय होता कोल्हापूरचा वीरधवल खाडे. पदक हुकल्याची चर्चा खूप झाली, पण त्याच दिवशी घडलेली दुसरी गोष्ट मागे पडली. फायनलच्या आधीच्या हीटमध्ये वीरधवलने २२.४३ सेकंदांची वेळ दिली होती. तो नवा राष्ट्रीय विक्रम होता आणि मोडला गेलेला २२.५२ सेकंदांचा विक्रमही त्याचाच, २००९ मधला. म्हणजे कॉलेजच्या वयातल्या वीरधवलला नऊ वर्षांनी मोठ्या झालेल्या, मधली काही वर्षं तलावापासून लांब राहिलेल्या आणि महाराष्ट्र शासनात तहसीलदार असलेल्या वीरधवलने हरवलं होतं.

पोहणं हा शाळकरी पोरांचा खेळ, विशी ओलांडली की संपलं, असं मानणाऱ्यांसाठी हे उदाहरण महत्त्वाचं आहे. पण त्यातून दुसरा प्रश्न उभा राहतो. कोल्हापूरच्या माणसाला पंचगंगा आहे, रंकाळा आहे, तलाव आहेत. धाराशिवमध्ये, जिथे पाण्याचा प्रश्न पाचवीला पुजलेला आहे, तिथल्या पस्तिशीतल्या शिक्षकाला, डॉक्टरला किंवा पोलीस कर्मचाऱ्याला स्पर्धेसाठी पोहायचं असेल तर? त्याला नेमकं काय अडवतं, त्याचं वय, त्याचं तंत्र की पाणी?

प्रौढांसाठी स्पर्धा असतात का?

असतात, आणि त्यांना 'मास्टर्स' म्हणतात. 'वर्ल्ड अ‍ॅक्वाटिक्स' या जागतिक संघटनेच्या नियमांनुसार मास्टर्स गट वयाच्या २५ व्या वर्षापासून सुरू होतो आणि पुढे दर पाच वर्षांचा एक गट असतो. २५ ते २९, ३० ते ३४, ३५ ते ३९ असं करत नव्वदीच्या पुढेही. त्यामुळे ४२ वर्षांच्या माणसाची स्पर्धा अठरा वर्षांच्या पोराशी नसते, ४० ते ४४ या वयोगटाशी असते. भारतातही मास्टर्सच्या राज्य आणि राष्ट्रीय पातळीवर स्पर्धा होतात.

समुद्रात पोहायचं असेल तर सिंधुदुर्गात मालवणच्या चिवला बीचवर दरवर्षी सागरी जलतरण स्पर्धा होते. तिथे वेगवेगळ्या वयोगटांसाठी वेगवेगळी अंतरं असतात. शिवाय ट्रायथलॉनची हवा आहेच. गोव्यात होणाऱ्या 'आयर्नमॅन ७०.३' मध्ये सायकल आणि धावण्याआधी १.९ किलोमीटर समुद्रात पोहावं लागतं. धावणारे आणि सायकल चालवणारे अनेक जण याच टप्प्यावर अडखळतात आणि मग चाळिशीत तलाव शोधू लागतात.

वाढत्या वयात वेग खरंच वाढतो का?

इथे दोन प्रकारची माणसं वेगळी करायला हवीत.

पहिला प्रकार लहानपणी पोहणाऱ्यांचा. मध्येच सोडलं आणि पुन्हा पाण्यात उतरले. वीरधवल या गटातला. २००८ च्या बीजिंग ऑलिम्पिकमध्ये तो उतरला तेव्हा १६ वर्षांचा होता. २०१० च्या ग्वांगझू एशियाडमध्ये ५० मीटर बटरफ्लायमध्ये त्याने कांस्य जिंकलं. त्याआधी भारताला एशियाडच्या जलतरणात पदक मिळालं होतं ते १९८६ मध्ये, खजान सिंग यांच्यामुळे. पुढे नोकरी, मग पुनरागमन आणि २०२३ मध्ये गोव्यातल्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धेत ५० मीटर फ्रीस्टाइलचं सुवर्ण जिंकून ३२ व्या वर्षी निवृत्ती. त्याच स्पर्धेत महिलांच्या ५० मीटर फ्रीस्टाइलचं सुवर्ण त्याची पत्नी ऋजुता खाडे हिने जिंकलं. जगात पाहिलं तर अमेरिकेचा अँथनी अर्विन २००० मध्ये ५० मीटरचं ऑलिम्पिक सुवर्ण जिंकला, मग खेळ सोडला, आणि २०१६ मध्ये रिओत ३५ व्या वर्षी तेच सुवर्ण पुन्हा जिंकला. डारा टोरेस ४१ व्या वर्षी बीजिंगला गेली आणि तीन रौप्यपदकं घेऊन आली.

दुसरा प्रकार उशिरा गंभीरपणे सुरुवात करणाऱ्यांचा. इथे मुरलीकांत पेटकर यांचं नाव घ्यावं लागतं. सांगली जिल्ह्यातले पेटकर सैन्यात बॉक्सर होते. १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून त्यांना अपंगत्व आलं. उपचारांचा भाग म्हणून पोहणं आलं आणि १९७२ मध्ये हायडलबर्गच्या पॅरालिम्पिकमध्ये ५० मीटर फ्रीस्टाइलमध्ये ३७.३३ सेकंदांच्या वेळेसह त्यांनी सुवर्ण जिंकलं. पॅरालिम्पिकमधलं भारताचं ते पहिलं सुवर्ण. 'चंदू चॅम्पियन' हा २०२४ चा सिनेमा त्यांच्यावरच आहे.

पस्तिशीत सुरुवात करणारा माणूस वीरधवल होणार नाही, हे उघड आहे. लहानपणी हजारो तास पाण्यात घालवून जी जाण येते ती नंतर पूर्ण भरून निघत नाही. पण उशिरा सुरू करणाऱ्याकडे एक जमेची बाजू असते. त्याची सुरुवातीची वेळ इतकी मागे असते की सुधारायला भरपूर जागा असते. ती सुधारणा ताकदीपेक्षा तंत्रातून जास्त येते. त्यामागे साधं गणित आहे.

जास्त जोर लावून वेग का वाढत नाही?

पाणी हवेपेक्षा सुमारे ८०० पट घन आहे. रस्त्यावर धावताना हवेचा विरोध फारसा जाणवत नाही. पाण्यात मात्र सगळा खेळ त्या विरोधाशीच असतो.

हा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो आणि त्यावर मात करायला लागणारी शक्ती ढोबळमानाने वेगाच्या घनाच्या प्रमाणात. सोप्या भाषेत, वेग दुप्पट करायचा तर शक्ती आठपट लागेल. वेग फक्त १० टक्के वाढवायचा तरी सुमारे ३३ टक्के जास्त शक्ती हवी. चाळिशीतला माणूस व्यायामशाळेत घाम गाळून ३३ टक्के शक्ती कुठून आणणार?

पण तोच माणूस पाण्यात तिरका होऊन, पाय खाली सोडून पोहत असेल तर तो आपलं अंग नांगरासारखं पाण्यातून ओढत असतो. शरीर आडवं आणि सरळ झालं की विरोध कमी होतो आणि तेवढ्याच ताकदीत वेग वाढतो. म्हणून प्रौढ जलतरणपटूचा पहिला प्रश्न 'आणखी जोर कसा लावू' हा नसतो. 'मी स्वतःला कुठे अडवतोय' हा असतो.

विहिरीत शिकलेल्यांचं काय?

मराठवाड्यातल्या बहुतेक पोहणाऱ्यांची शाळा म्हणजे विहीर. कमरेला दोर, पाठीला वाळलेला भोपळा, पांगाऱ्याचं लाकूड, रिकामा डबा किंवा ट्यूब, आणि वरून थोरल्यांचा आवाज. या शाळेतून दोन गोष्टी पक्क्या मिळतात. पाण्याची भीती जाते आणि खोल पाण्यात श्वास सांभाळता येतो. शहरातल्या प्रौढ नवशिक्याला याच दोन गोष्टींसाठी महिनोन्‌महिने लागतात.

पण विहिरीचं पोहणं हे तरंगण्याचं आणि काठ गाठण्याचं पोहणं आहे. दहा-बारा मीटरच्या घेरात चार हात मारले की भिंत येते. डोकं वर ठेवायची सवय लागते, कारण समोरचा दिसला पाहिजे आणि वरून उडी मारणाऱ्याला चुकवायचं असतं. स्पर्धेत हीच सवय महागात पडते. शरीर तराजूसारखं आहे. डोकं वर गेलं की कंबर आणि पाय खाली जातात.

म्हणून विहिरीतून तलावात आलेल्याने आधी चार गोष्टी बदलायच्या.

एक, नजर. फ्रीस्टाइलमध्ये नजर समोरच्या भिंतीवर नको, तळाच्या रेघेवर हवी. मान मोकळी ठेवली की कंबर आपोआप वर येते.

दोन, श्वास. बहुतेक प्रौढ पाण्याखाली श्वास रोखून धरतात आणि तोंड बाहेर आल्यावर आधी सोडतात, मग घेतात. त्या घाईत दम लागतो. श्वास पाण्यातच, नाकातोंडातून सतत बुडबुडे काढत सोडायचा. बाहेर फक्त घ्यायचा. त्यासाठी डोकं वर उचलायचं नाही, अंगासोबत कडेला वळवायचं.

तीन, हात. पाण्यावर थापट्या मारून पुढे जाता येत नाही. हात पुढे पूर्ण लांबवायचा, मग कोपर वर ठेवून तळवा आणि कोपरापर्यंतचा हात उभा करायचा आणि पाणी मागे ढकलायचं. शिडीची पायरी धरून स्वतःला पुढे खेचावं तसं. कोपर आधी खाली पडलं तर हात पाण्यातून नुसता घसरतो.

चार, पाय. भरतीसाठी धावणारे, सायकल चालवणारे इथे हमखास फसतात. त्यांचे घोटे ताठ असतात. पायाचा पंजा मागे वळत नाही, तळाकडे वाकलेला राहतो आणि लाथ मारली की माणूस जागच्या जागी राहतो, कधी कधी मागेही सरकतो. लाथ गुडघ्यातून नाही, कंबरेतून आणि लहान मारायची. घोट्याचा ताठरपणा घालवायचा व्यायाम घरी सतरंजीवर बसूनही करता येतो.

रोज एक किलोमीटर पोहूनही वेळ तीच का?

हे प्रौढांचं सगळ्यात नेहमीचं दुखणं. पहाटे तलावावर यायचं, न थांबता ४० फेऱ्या मारायच्या, घरी जायचं. पहिले सहा महिने सुधारणा होते, मग तीन वर्षं वेळ हलत नाही आणि शेवटी दोष वयाला दिला जातो.

खरं कारण असं की शरीर ज्या वेगाने सराव करतं त्याच वेगात तरबेज होतं. रोज एकाच संथ गतीने पोहणारा संथ पोहण्यात पटाईत होतो. शिवाय थकल्यावर तंत्र बिघडतं आणि शेवटच्या २० फेऱ्यांत बिघडलेल्या तंत्राचाच सराव होतो.

यावर उपाय म्हणजे अंतराचे तुकडे करणं आणि मोजणं. किती वेगाने तुकडे पोहायचे, हे काढायची एक सोपी चाचणी आहे. एकदा ४०० मीटर पूर्ण जोराने पोहायचं, पुरेशी विश्रांती घेऊन २०० मीटर. पहिल्या वेळेतून दुसरी वजा करायची आणि उत्तराला दोनने भागायचं. समजा, ४०० मीटरला ९ मिनिटं लागली आणि २०० मीटरला ४ मिनिटं १० सेकंद. फरक ४ मिनिटं ५० सेकंद, त्याचा अर्धा २ मिनिटं २५ सेकंद. हा त्या माणसाचा १०० मीटरचा 'टिकणारा वेग'. आता न थांबता किलोमीटर पोहण्याऐवजी त्याने १०० मीटरचे ८ तुकडे, प्रत्येकी २ मिनिटं २५ सेकंदांत, मध्ये २० सेकंद थांबून पोहायचे. आठव्या तुकड्यातही वेळ तीच आली तर पुढच्या आठवड्यात दहा तुकडे. दीड-दोन महिन्यांनी चाचणी पुन्हा.

दुसरं मोजमाप त्याहून सोपं. २५ मीटरला लागलेले सेकंद आणि मारलेले हात यांची बेरीज. ३२ सेकंद आणि २८ हात म्हणजे ६०. महिन्याभराने ३१ सेकंद आणि २२ हात झाले तर बेरीज ५३. म्हणजे कमी श्रमात जास्त वेग. सेकंद कमी झाले पण हात वाढले आणि बेरीज तीच राहिली, तर फक्त धडपड वाढली.

तिसरी गोष्ट भिंतीची. २५ मीटरच्या तलावात १०० मीटरच्या शर्यतीत एक सुरुवात आणि तीन वळणं येतात. दर वेळी भिंतीपाशी अर्धा सेकंद वाया गेला तर दोन सेकंद तिथेच गेले. वळून दोन्ही पायांनी भिंत ढकलणं, हात डोक्यामागे घट्ट जुळवून बाणासारखं सरकणं, याला वय आड येत नाही आणि दमही फारसा लागत नाही. तरीही प्रौढ हीच गोष्ट सगळ्यात कमी सरावतात.

वयाचा परिणाम होतच नाही का?

होतो, पण तो प्रामुख्याने थकवा भरून यायला लागणाऱ्या वेळेवर आणि खांद्यांवर. विशीतला मुलगा सकाळ-संध्याकाळ पोहू शकतो. चाळिशीत लागोपाठ दोन दिवस जोराचा सराव केला तर तिसऱ्या दिवशी खांदा बोलू लागतो. म्हणून आठवड्यात तीन दिवस पाणी, त्यातला एकच दिवस पूर्ण जोराचा, आणि दोन दिवस जमिनीवरचा व्यायाम, हे नोकरदार माणसाला पेलणारं गणित आहे. जमिनीवर रबर बँडने खांद्याच्या मागच्या स्नायूंचा व्यायाम, पोट-कंबरेची ताकद, उठाबशा. पूर्वी हृदयविकार, रक्तदाब किंवा खांद्याची दुखापत असेल तर स्पर्धेच्या सरावाआधी डॉक्टरांना दाखवणं गरजेचं. दुखणाऱ्या खांद्यावर पोहत राहणं म्हणजे एक आठवडा वाचवायला सहा महिने घालवणं.

मग धाराशिवची खरी अडचण कोणती?

धाराशिव खेळात मागे आहे असं नाही. भारतीय महिला खो-खो संघाचं नेतृत्व करणारी सारिका काळे इथलीच. २०२० मध्ये तिला अर्जुन पुरस्कार मिळाला. पण खो-खोला मैदान आणि दोन खांब पुरतात. पोहायला पाणी लागतं, आणि तेही बारमाही.

नीती आयोगाच्या आकांक्षित जिल्ह्यांच्या यादीत महाराष्ट्रातले जे चार जिल्हे आहेत त्यातला हा एक. शहराला पाणी येतं ते सोलापूर जिल्ह्यातल्या उजनीतून. २०१६ च्या दुष्काळात शेजारच्या लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं होतं. अशा भागात पोहण्याच्या तलावाचा विषय काढला की 'प्यायला पाणी नाही आणि यांना पोहायचंय' हे उत्तर ठरलेलं. ते चुकीचं नाही. पण आकडे पाहायला हवेत.

२५ मीटर लांब, साडेबारा मीटर रुंद आणि सरासरी दीड मीटर खोल तलावात सुमारे ४ लाख ७० हजार लिटर पाणी मावतं. १० हजार लिटरचे ४७ टँकर. ३० बाय ३० मीटर आणि ३ मीटर खोलीच्या एका शेततळ्यात याच्या चौपटीहून जास्त पाणी असतं. हे पाणी रोज बदलावं लागत नाही, गाळून तेच वापरलं जातं. उन्हाळ्यात दिवसाला १ सेंटिमीटर पातळी उतरली तर सुमारे ३ हजार लिटरची भर घालावी लागते, गाळणी धुवायला लागणारं पाणी वेगळं. रात्री तलाव झाकला तर बाष्पीभवन कमी होतं. टंचाईत हेही पाणी जड वाटेल आणि तेव्हा तलाव बंद ठेवणं योग्यच. पण चांगल्या पावसाच्या वर्षातही तलाव कोरडा राहत असेल तर त्याचं कारण पाण्यापेक्षा देखभाल, वीजबिल, जीवरक्षक आणि प्रशिक्षक यांच्या खर्चात शोधावं लागतं.

शेततळी आणि धरणं भरलेली असताना तिथेच सराव का नाही, हा प्रश्न साहजिक आहे. उत्तर स्पष्ट आहे: नको. शेततळ्याचं प्लॅस्टिक ओलं झालं की काठ धरता येत नाही. पट्टीचा पोहणाराही दमल्यावर बाहेर येऊ शकत नाही. धरणात आणि नदीत तळ, गाळ, प्रवाह यांचा अंदाज नसतो. सप्टेंबर २०२५ मध्ये परांडा, भूम भागात आलेल्या पुराने दाखवून दिलं की दुष्काळी म्हणून ओळखलेल्या या जिल्ह्यात पाणी गळ्यापर्यंतही येतं आणि बचाव पथकांना बोलवावं लागतं. पोहता येणं इथे पदकापुरतं राहत नाही, पण त्याचं शिक्षण सुरक्षित पाण्यातच व्हायला हवं.

तलाव नियमित मिळत नसेल तर?

सोलापूर किंवा लातूर गाठायचं तर धाराशिव शहरापासून एका बाजूने ६५ ते ७५ किलोमीटर. रोज शक्य नाही, आठवड्यातून एकदा-दोनदा शक्य आहे. अशा माणसाने पाण्यातले तास दमण्यात घालवू नयेत. ते तंत्रावर आणि चाचणीवर खर्च करावेत. दमसास धावून, सायकलवरून वाढवता येतो. खांदे आणि घोटे घरी तयार करता येतात. पाण्यात मात्र एका सत्रात एकच दोष हाताळायचा. आज फक्त श्वास, पुढच्या वेळी फक्त कोपर.

प्रशिक्षक नसेल तर मोबाइल कामाला येतो. मित्राला काठावरून, बाजूने आणि समोरून ३० सेकंदांचा व्हिडिओ काढायला सांगायचा. आपण आडवे पोहतोय असं वाटणाऱ्या बहुतेकांना पहिल्या व्हिडिओत आपले पाय खोल गेलेले दिसतात. मात्र तलावात इतर लोक, विशेषतः महिला आणि मुलं असताना चित्रीकरणाआधी परवानगी घ्यायलाच हवी.

प्रौढ पोहले तर गावाला काय मिळतं?

२०२५ मध्ये आशियाई जलतरण अजिंक्यपद स्पर्धा पहिल्यांदा भारतात, अहमदाबादला झाली. २०३० च्या राष्ट्रकुल स्पर्धाही तिथेच होणार आहेत. मोठ्या शहरांत मोठे तलाव उभे राहतील. पण जिल्ह्याच्या गावातला २५ मीटरचा तलाव फक्त उन्हाळी सुट्टीतल्या शिबिरावर चालत नाही. दीड महिन्याची गर्दी ओसरली की उरलेले महिने फी भरणारं कोण, हा प्रश्न येतो. पहाटे पाच ते सात येणारे नोकरदार, व्यापारी, गृहिणी आणि निवृत्त लोक हेच त्या तलावाचे वर्षभराचे सभासद होऊ शकतात. त्यांच्या फीतून जीवरक्षकाचा पगार निघतो आणि तो तिथे असला की संध्याकाळी मुलांना शिकता येतं. महिलांसाठी वेगळी वेळ आणि महिला प्रशिक्षक असेल तर सभासद आणखी वाढतात.

त्यामुळे धाराशिव, तुळजापूर किंवा उमरग्यातला एखादा चाळिशीतला माणूस 'मला स्पर्धेसाठी पोहायचंय' म्हणतो तेव्हा ती हौसेपुरती गोष्ट नसते. तंत्र आणि मोजमाप त्याच्या हातात आहे, आणि वेळ कमी करायला तेवढं बराच काळ पुरतं. तलावाची वेळ, देखभाल आणि जीवरक्षक त्याच्या एकट्याच्या हातात नाहीत. ती मागणी क्रीडा विभागाकडे आणि नगरपालिकेकडे, दहा-वीस जणांनी मिळून, वर्षभराची फी भरायच्या तयारीने करावी लागते.